सोहारमध्ये सुईण निवडताना

वहीत अठरा प्रश्न लिहून ठेवले होते,
बी.कॉम.ला नव्हती इतकी तयारी.
आई येणार नव्हती.
मंगळवेढ्यात तिचे दोन्ही गुडघे नवे बसवलेत,
ती व्हिडिओवर काठी दाखवते
आणि म्हणते, पैसे मोजून कुठं बाळंतपण होतं का?

पहिली बाई मस्कतहून आली, दोनशे किलोमीटर गाडी हाकत.
तिच्या टॅबवर तीन पॅकेजं: चांदी, सोनं, मोती.
मोत्यात पायांची मालिश
आणि बाळाच्या पावलांचे ठसे, चौकटीसकट.
चांगली होती. नखं कापलेली, आवाज मऊ.
मी अठराही प्रश्न विचारले, तिनं अठराही उत्तरं दिली,
आणि ती गेल्यावर मला एकही आठवेना.

दुसरी फोनवरच म्हणाली, भिऊ नका,
बाईचं शरीर सगळं जाणतं.
माझं शरीर तर जिना चढतानासुद्धा
मलाच विचारतं, आता काय?

तिसरी इख्लास.
सुदानची. इथल्या वॉर्डात बावीस वर्षं रात्रपाळ्या,
आता निवृत्त, आणि निवृत्तीला विटलेली.
उशिरा आली. लिफ्ट बंद होती.
चौथ्या मजल्यावर दारात थांबून दम खाल्ला,
तोबचा पदर खांद्यावर सावरला, चपला काढल्या,
आणि पहिला प्रश्न तिनंच विचारला, वॉर्डातल्या हिंदीत:
रात्री तीनला काही झालं तर कुणाला उठवतेस?

माझ्या वहीत हा प्रश्न नव्हता.
निरंजन स्मेल्टरवर जातो, पहिल्या पाळीला,
त्याचा गजर पावणेपाचचा.
म्हणाले, कुणालाच नाही. मी पावणेपाचपर्यंत थांबते.
तिनं मला उठवलं,
फ्रिजवर तिचा नंबर माझ्याच हातानं लिहून घेतला.
आकडे मोठे काढ, म्हणाली,
चष्म्याशिवाय वाचता आले पाहिजेत.

मग रोखठोक:
बाळ दवाखान्यात होईल. मी काढणार नाही, मी बसणार.
रक्त जास्त गेलं तर डॉक्टरला पहिली हाक माझी.
अर्धे पैसे आधी.
मला सगळ्यांत आवडलं ते हे शेवटचं.
उपकार नकोत, हिशेब हवा होता.

आईला व्हिडिओ लावला.
आईनं तिला नीट न्याहाळलं, मग मला मराठीत,
हिला आपलं काय कळणार गं?
मी ओट्यावरून पुडी आणली, आईनंच पाठवलेली,
अळीव, सुंठ, डिंक.
इख्लासनं डिंकाचा खडा उजेडात धरला, दाताखाली दाबला,
आणि परमुलखात गावचं माणूस भेटावं
तसा तिचा चेहरा झाला.
हा आमच्याकडचा. कोर्दोफानचा.
बाबा झाडाला चरे पाडायचे, आम्ही पोरं वेचायचो.
आता ती झाडं कुणाकडे आहेत, माहीत नाही.

आई जरा वेळ गप्प. मग धुरीचं निघालं, शेकाचं निघालं,
त्यांच्याकडंही शेगडीत बाभळीसारखंच लाकूड,
त्यांचे चाळीस दिवस, आमचा सव्वा महिना.
मधल्या दोन-तीन दिवसांवरून
दोघी घासाघीस करत राहिल्या, मी तिथं नसल्यासारखी.
मी नुसती दुभाषी, मांडीवर मिटलेली वही.

जाताना तिनं तिची वही काढली.
दुखतंय, हा शब्द तिच्याकडे अकरा भाषांत होता,
मल्याळम, बंगाली, टागालोग, बलुची.
मराठीत नव्हता.
मी सांगितलं, दुखणं वेगळं, ठणकणं वेगळं,
त्या वेळची ती कळ.
तिनं उजवीकडून डावीकडे लिहिलं, म्हणून पाहिलं:
कल.
कल नाही, कळ. जीभ मागे वळव.
कल.
हिंदीत कल म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक.
हसता हसता मी ओटा धरला,
आत टाच बसली होती, बरगडीखाली.

आता सदतिसावा आठवडा चालू आहे.
आमचं ठरलंय,
ती विचारेल, कल?
आणि मी ओरडेन, उद्या नाही, बाई,
आत्ता.